सातत्याचे श्रेय कुणाचे?

डिसेंबर 2024 मध्ये पॅराग्वेच्या राजधानीत, असुन्स्यॉनमध्ये, युनेस्कोच्या समितीने चिनी नववर्षाला म्हणजेच वसंतोत्सवाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. बीजिंगमध्ये आनंद झाला, तो साहजिकच होता. त्याच्या महिनाभर आधी सरकारने सणाच्या आदल्या रात्रीचा, सगळ्या घराने एकत्र जेवायचा दिवसही अधिकृत सुट्ट्यांमध्ये घातला होता. या कौतुकाशेजारी एक जुने फर्मान ठेवून पाहायला हवे. जानेवारी 1967 मध्ये, सांस्कृतिक क्रांती ऐन भरात असताना, चीनच्या राज्य परिषदेने त्या वर्षीची वसंतोत्सवाची सुट्टीच रद्द केली होती. क्रांतीच्या कामात खंड नको आणि जुन्या चालीरीती हव्यात कशाला, असा त्यामागचा विचार. ही सुट्टी देशभर पुन्हा रुळायला 1980 उजाडले.

त्याआधीच्या राजवटीनेही हाच प्रयोग करून पाहिला होता. 1912 मध्ये सन यत-सेन यांच्या प्रजासत्ताकाने इंग्रजी कालगणना स्वीकारली. 1928 नंतर नानजिंगच्या कुओमिंतांग सरकारने जुने पंचांग मोडीत काढायचे ठरवले. चांद्र नववर्षाला दुकाने उघडी ठेवा, जुनी पंचांगे छापू नका, फटाके एक जानेवारीला उडवा, असे हुकूम सुटले. लोकांनी ते ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि काही वर्षांत सरकारनेच नाद सोडला. विसाव्या शतकात एकमेकांच्या हाडवैरी असलेल्या दोन राजवटींनी हा सण पुसायचा प्रयत्न केला. तो वाचला स्वयंपाकघरांत, आज्यांच्या आग्रहात आणि रात्रभर उभ्याने रेल्वेप्रवास करून गावी पोचणाऱ्या कामगारांच्या हट्टात.

चिनी संस्कृतीच्या अखंडतेविषयी आज जे बोलले जाते, त्याला हे प्रकरण विसरून चालत नाही. 2 जून 2023 रोजी अध्यक्ष शी जिनपिंग यांनी बीजिंगमधील भाषणात चिनी संस्कृतीची पाच ठळक वैशिष्ट्ये सांगितली. त्यांतले पहिले होते सातत्य. पाच हजार वर्षे न तुटलेली एकमेव संस्कृती, हा दावा आता पाठ्यपुस्तकांत, संग्रहालयांत आणि राजदूतांच्या भाषणांत ठरलेलाच. 2024 अखेर युनेस्कोच्या तीन याद्यांत मिळून चीनच्या 44 गोष्टी होत्या, इतर कोणत्याही देशाहून अधिक. दाव्याला पुरावा म्हणून हा आकडा पुढे केला जातो.

पण यादीतली एकेक नोंद उघडून पाहिली, तर दिसते ते वेगळेच. जवळपास प्रत्येक परंपरा कुठे ना कुठे तुटली आहे आणि कुणीतरी, बहुधा सरकारी कचेरीच्या बाहेरच्या माणसाने, ती पुन्हा सांधली आहे. सातत्य हा चीनच्या मातीचा गुण नव्हे. ती माणसांनी केलेली मेहनत आहे. म्हणून वारसा जपण्याच्या सरकारी उद्योगाची कसोटीही एकच: ही मेहनत करणाऱ्यांना आपल्या परंपरेचे काय करायचे ते ठरवायला किती मोकळीक मिळते?

कुनछू या संगीत नाट्यप्रकाराचे उदाहरण घेऊ. सुचौजवळच्या कुनशान परिसरात सोळाव्या शतकात वेई ल्यांगफू या गायकाने स्थानिक गायकीला घोटून घोटून जे रूप दिले, त्यातून हा प्रकार आकाराला आला. बासरीच्या साथीने चालणारी संथ गायकी, प्रत्येक शब्दाला बांधलेला अभिनय आणि विद्वानांनी लिहिलेली नाटके. थांग श्यानत्सू यांचे 1598 मधील ‘मुदान थिंग’ हे पंचावन्न प्रवेशांचे नाटक त्याचे शिखर मानले जाते. दोनेक शतके दरबारापासून हवेल्यांपर्यंत कुनछूचा दबदबा होता. पुढे अधिक भडक, अधिक वेगवान अशा पेकिंग ऑपेराने प्रेक्षक पळवले. 1921 पर्यंत अवस्था अशी झाली, की सुचौमधल्या काही रसिकांनी आणि मू ओऊछू या कापड गिरणीमालकाने पदरचे पैसे घालून मुलांसाठी एक नाट्यशाळा काढली. शिकून निघालेल्या प्रत्येक मुलाच्या रंगभूमीवरच्या नावात ‘छुआन’ हे अक्षर घातले गेले, म्हणून त्यांना आजही ‘छुआन पिढी’ म्हणतात.

ही मुले मोठी झाली ती जपानी आक्रमणाच्या आणि यादवीच्या धामधुमीत. मंडळ्या फुटल्या, नट देशोधडीला लागले. त्यांतल्याच चौ छुआनयिंग आणि वांग छुआनसुंग यांच्या चच्यांगमधल्या मंडळीने 1956 मध्ये एक जुने नाटक कापून, बेतून नव्याने उभे केले. निरपराध्यांना फाशी सुनावणारा आळशी न्यायाधीश आणि पुराव्याच्या मागे लागणारा प्रामाणिक अधिकारी, असे त्याचे कथानक. नोकरशाहीवरची ही टीका माओ आणि पंतप्रधान चौ एन-लाय या दोघांनाही आवडली. पक्षाच्या मुखपत्राने या एका नाटकाने अख्खा नाट्यप्रकार जगवला, अशा अर्थाचा अग्रलेख लिहिला आणि ठिकठिकाणी कुनछूच्या सरकारी मंडळ्या निघाल्या. पुढच्या दहा वर्षांतच सांस्कृतिक क्रांतीने त्याच मंडळ्यांना टाळे लावले. राजे, राण्या, भुते, प्रेमकथा हे सगळे ‘जुने’ ठरले. रंगमंचावर उरली ती मोजकी ‘आदर्श’ क्रांतिनाट्ये.

2001 मध्ये युनेस्कोने मौखिक आणि अमूर्त वारशाची पहिली यादी जाहीर केली. त्यातल्या एकोणीस नावांत चीनमधून कुनछू होते आणि भारतातून केरळचे कुडियाट्टम. सन्मान मिळाला, प्रेक्षक मिळाला नाही. तो आणला पाई श्येनयुंग या लेखकाने. त्यांचे वडील कुओमिंतांगचे सेनापती. घराणे तैवानला गेलेले आणि स्वतः पाई कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात चिनी साहित्य शिकवून निवृत्त झालेले. लहानपणी शांघायमध्ये त्यांनी पेकिंग ऑपेराचे विख्यात नट मेई लानफांग यांना कुनछूतला प्रवेश करताना पाहिले होते. त्यांनी सुचौच्या मंडळीतले विशीतले नट निवडले आणि थोर बुजुर्ग नटांसमोर गुडघे टेकवून, जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांना शिष्यत्व घ्यायला लावले. ‘मुदान थिंग’चा तीन रात्रींचा, नऊ तासांचा तरुण प्रयोग त्यांनी बसवला. पहिला प्रयोग एप्रिल 2004 मध्ये झाला, तोही चीनमध्ये नाही, तैपेईत. मग तो चीनच्या विद्यापीठांतून फिरला आणि ज्यांनी कधी कुनछूचे नावही ऐकले नव्हते अशा मुलामुलींनी सभागृहे भरली.

या कथेतून ‘पाच हजार वर्षांची अखंड धारा’ शोधणाऱ्याची पंचाईत होते. इथे एक गिरणीमालक आहे, मोडलेल्या मंडळीतले दोन नट आहेत, पराभूत पक्षाच्या सेनापतीचा परदेशस्थ मुलगा आहे. सरकारही आहे: एकदा तारणहार म्हणून, एकदा मारेकरी म्हणून आणि आता आश्रयदाता म्हणून.

आश्रयदाता म्हणून चीन सरकारने जे उभे केले ते मात्र मनापासून मान्य करायला हवे. 2003 च्या अमूर्त वारसा करारावर चीनने पुढच्याच वर्षी मोहोर उठवली. 2006 मध्ये 518 परंपरांची पहिली राष्ट्रीय यादी आली. पाच टप्प्यांत ती 1,557 वर पोचली. 1 जून 2011 पासून स्वतंत्र कायदा लागू झाला. राष्ट्रीय पातळीवरच्या वारसाधारक कलावंत-कारागिरांना वर्षाला वीस हजार युआन, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या आत-बाहेर, मानधन मिळते आणि त्या बदल्यात शिष्य तयार करणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. कर्तव्य न पाळणाऱ्याचा दर्जा काढून घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. प्रांत, जिल्हा, तालुका अशा उतरंडीने याद्या आहेत. म्हाताऱ्या कलावंताच्या घरी सरकारी माणूस ध्वनिमुद्रक घेऊन पोचतो, ही गोष्ट छोटी नव्हे.

या उत्साहामागे संस्कृतिप्रेमाइतकीच शेजाऱ्याशी चुरसही होती. दक्षिण कोरियाने गांगनंग शहरातला दानोचा उत्सव युनेस्कोकडे पाठवला आणि 2005 मध्ये त्याला मान्यता मिळाली. चीनमध्ये संतापाची लाट उठली: आमचा द्वानवू, आमचा ड्रॅगन नौकांचा सण कोरियाने पळवला! प्रत्यक्षात तिथी सोडली तर दोन्हींत फारसे साम्य नव्हते. गांगनंगमध्ये पर्वतदेवतेची पूजा, ओझांचे विधी आणि मुखवट्यांची नाटके. नौकांच्या शर्यतींचा त्यात संबंध नाही. पण रागाचा उपयोग झाला. 2008 पासून छिंगमिंग, द्वानवू आणि शरद पौर्णिमा हे तीन पारंपरिक सण चीनमध्ये सार्वजनिक सुट्टीचे झाले. 2009 मध्ये द्वानवूसह चीनच्या बावीस गोष्टी एका फटक्यात युनेस्कोच्या प्रातिनिधिक यादीत गेल्या.

यांतला छिंगमिंग हा पूर्वजांच्या कबरी झाडून-पुसून तिथे नैवेद्य ठेवण्याचा वसंतातला दिवस. शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवरही या दिवसांत फुले वाहिली जातात. पण या सणाला सुट्टी देण्यात चिनी राज्यकर्ते इतकी वर्षे का बिचकत होते, हे 1976 च्या एप्रिलकडे पाहिल्यावर उमगते. जानेवारीत चौ एन-लाय गेले होते. त्यांच्यासाठी मोठा शोक करू नये, अशी सत्ताधारी गटाची इच्छा. लोकांनी छिंगमिंगचे निमित्त साधले. तिआनानमेन चौकातल्या हुतात्मा स्तंभापाशी हजारो पुष्पचक्रे जमली, त्यांना अडकवलेल्या कवितांतून सत्ताधाऱ्यांवर बाण सुटले. रातोरात पुष्पचक्रे उचलली गेली आणि दुसऱ्या दिवशी, 5 एप्रिलला, चौकात संघर्ष झाला. परंपरा जिवंत असते म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसले. लोक तिला स्वतःच्या गरजेसाठी वापरतात, कधी राजाला न विचारता.

काही ठिकाणी यादी आणि लोक यांची गाठ नीट बसली आहे. फूच्येन आणि चच्यांग या प्रांतांच्या डोंगराळ सीमेवर खिळ्यांविना, तुळया एकमेकींत विणून बांधलेले लाकडी कमानी पूल आहेत. बाराव्या शतकातल्या ‘छिंगमिंगच्या दिवसांत नदीकाठी’ या प्रसिद्ध चित्रात अशाच घडणीचा पूल रेखलेला आहे. पुलावर छप्पर, आत बाकडी, मध्यभागी देव्हारा. गाव त्यावरून जाते, त्यात बसून गप्पा मारते आणि तिथेच नवस बोलते. काँक्रीट आल्यावर या सुतारांना काम उरले नाही. 2009 मध्ये हे कसब युनेस्कोच्या ‘तातडीने संरक्षणाची गरज’ असलेल्या यादीत गेले. ऑगस्ट 2022 मध्ये फूच्येनच्या फिंगनान तालुक्यातला, चीनमधला सर्वांत लांब, सुमारे 98 मीटरचा वानआन पूल एका रात्रीत जळून गेला. सुंग काळापासून तिथे पूल होता. दगडी देऊळ किंवा राजवाडा असता, तर फार तर प्रतिकृती उभी राहिली असती. इथे मात्र त्याच पंचक्रोशीत पूल बांधणारी सुतार घराणी हयात होती आणि पुनर्बांधणीच्या कामाला तीच पुढे आली. हा पूल यापूर्वीही पुरात वाहून गेला होता, मोडला होता, पुन्हा बांधला गेला होता. लाकूड बदलत राहिले, बांधण्याची रीत टिकली.

2024 मध्ये पुलांचे कसब संकटाच्या यादीतून सामान्य प्रातिनिधिक यादीत आले. त्याच्याबरोबर छ्यांग लोकांचे नववर्ष आणि हाइनान बेटावरच्या ली जमातीच्या स्त्रियांचे विणकामही आले. 2009 मध्ये हे विणकाम जाणणाऱ्या बायका हजारभरही उरल्या नव्हत्या आणि त्यांतल्या बहुतेक म्हाताऱ्या होत्या. मग बेटावरच्या शाळांत ते शिकवायला सुरुवात झाली. ली विणकामाचे महत्त्व हाइनानपुरते नाही. तेराव्या शतकात ह्वांग ताओफो नावाची एक हान स्त्री हाइनानमध्ये राहून कापसाचे पिंजणे, कातणे, विणणे शिकली आणि आपल्या गावी, आजच्या शांघायजवळ परतून तिने ते कसब पसरवले, असे मानले जाते. यांगत्सेच्या मुखाकडचा भरभराटीचा सूत-कापडाचा धंदा त्यावर उभा राहिला. जे पीक मुळात भारताकडून चीनला गेले, त्याचे कसब हान चीनला शिकवले ते एका अल्पसंख्य जमातीने. अखंड धारेच्या गोष्टीत असे उपप्रवाह सहसा गाळले जातात.

बाजारानेही वारशात हात घातला आहे आणि त्यावर सरसकट नाके मुरडण्याचे कारण नाही. ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ: वूखाँग’ या व्हिडिओ गेमच्या तीन दिवसांत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. त्यात पिवळ्या मातीच्या डोंगरात एक मुंडके नसलेला भिक्षू त्रितंतू वाजवत कथा गातो. ते गाणे शान्शी प्रांताच्या उत्तर भागातल्या ‘शुओशू’ या कथागायनाचे आहे. ही परंपरा मुख्यतः अंध गायकांची. पोटासाठी गावोगाव हिंडणारी. 1940 च्या दशकात यानआनमध्ये हान छीश्यांग या अंध गायकाला कम्युनिस्ट पक्षाने हाताशी धरले, जुन्या चालींवर नव्या क्रांतीच्या कथा रचून घेतल्या. म्हणजे या गायनाने आधी देवाचा नवस फेडला, मग पक्षाचा प्रचार केला आणि आता ते ज्यांना शान्शी नकाशावर दाखवता येणार नाही अशा पोरांच्या हेडफोनात वाजतो. त्या गाण्याच्या गळ्याला यातल्या कशाचीच बाधा झालेली नाही.

छ्वेनचौजवळच्या श्युनफू या कोळी गावाची कथा जरा अवघड आहे. कालवे विकणाऱ्या तिथल्या बायका अंबाड्याभोवती ताज्या फुलांची वर्तुळे माळतात. 2008 मध्ये त्यांच्या रीतींना राष्ट्रीय यादीत जागा मिळाली, पण गावाबाहेर फारसे कुणी फिरकले नाही. 2023 च्या सुमारास समाजमाध्यमांवर त्या केशरचनेची लाट आली. आता भाड्याच्या पोशाखात फुले माळून छायाचित्रे काढून घेणाऱ्या शहरी मुलींनी गल्ल्या भरलेल्या असतात. याला विटंबना म्हणावे, तर गावातल्या बायकांना कालव्यांपेक्षा बरा पैसा यातून मिळतो. मात्र गल्लीत दुकान कुणाचे, भाडे कुणाच्या खिशात आणि सणावाराला गावाच्या बायकांना स्वतःची वाट मोकळी मिळते का, हे प्रश्न ‘संस्कृती पर्यटनाशी जोडा’ या घोषणेत बुडून जाऊ नयेत.

‘वारसा’ या शिक्क्याचा आणखी एक उपयोग चिनी समाजाने हुशारीने करून घेतला. फूच्येनच्या किनाऱ्याजवळच्या मेईचौ बेटावर मात्सू या दर्यावर्दींच्या देवीचे मूळ ठाणे आहे. सांस्कृतिक क्रांतीत तिथली देवळे पाडली गेली. 1970 च्या दशकाच्या शेवटी बेटावरच्याच लोकांनी, त्यात बायका पुढे, परवानगीची वाट न पाहता ती पुन्हा बांधायला घेतली. अधिकाऱ्यांच्या लेखी ही अंधश्रद्धा होती. पण 1987 मध्ये तैवानमधल्या ताच्याचे भाविक, तैवानच्या सरकारची बंदी धुडकावून, वळसा घालून मेईचौला पोचले आणि बीजिंगला या देवीचे राजकीय मोल कळले. 2009 मध्ये मात्सूची श्रद्धा आणि तिच्या रीती युनेस्कोच्या यादीत आल्या. कालची अंधश्रद्धा आजचा वारसा झाली. देवळाच्या विश्वस्तांना पोलिसांना दाखवायला एक कागद मिळाला आणि सरकारला तैवानकडे नेणारा पूल.

इथे एक विसंगती आहे. मात्सूची परंपरा ज्या काळात चीनमध्ये बंद पाडली गेली, त्या काळात ती अखंड चालली तैवानमध्ये. ताच्याची देवी दर वसंतात पालखीत बसून शेकडो किलोमीटर फिरते, मागे लाखो माणसे चालतात. पण तैवान युनेस्कोचा सदस्य नाही, त्यामुळे यादीत त्याला जागा नाही. मलेशियातल्या मलाक्कामध्ये फूच्येनमधून गेलेल्या होक्किएन लोकांनी राजनौका जाळण्याचा विधी सांभाळला. तो 2020 मध्ये चीन आणि मलेशिया या दोघांच्या नावे नोंदला गेला, हे त्या मानाने न्याय्य झाले. मुंबईत माझगावला, डॉकयार्ड रोड स्थानकाच्या बाजूला, 1919 चे सी युप कून मंदिर आहे. क्वांगतुंगच्या चार तालुक्यांतून बोटींवर आलेल्या खलाशांनी ते बांधले. 1962 च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी कुटुंबांची धरपकड झाली, अनेकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवले गेले, अनेक देश सोडून गेले. उरलेली मूठभर घरे चांद्र नववर्षाच्या रात्री माझगावच्या त्या जिन्यावरून वर जातात आणि उदबत्त्या लावतात. त्यांच्या नववर्षाला ना बीजिंगचे मानधन होते, ना दिल्लीचा आसरा. तरी चिनी संस्कृतीच्या सातत्यात त्यांचाही वाटा आहेच.

आता यादीची काळी बाजू. शिंच्यांगमधल्या किरगीझ लोकांचे ‘मानस’ हे वीरकाव्य चीनने 2009 मध्ये आपल्या नावे नोंदवले. जुसुप ममाय या गायकाने त्याच्या आठ पिढ्यांच्या कथा, दोन लाखांहून अधिक ओळी, मुखोद्गत सांगितल्या. सांस्कृतिक क्रांतीत त्यांचाही छळ झाला होता. शेजारच्या किर्गिझस्तानात मात्र ही नोंद जिव्हारी लागली. ज्याच्या नावावर त्यांचा देश स्वतःची ओळख सांगतो, ते काव्य बीजिंगच्या खात्यात कसे? 2013 मध्ये त्यांनी स्वतंत्र नोंद करून घेतली. एवढ्यावर हे प्रकरण मिटण्यासारखे होते.

उइगुरांच्या मेश्रेपचे तसे नाही. मेश्रेप म्हणजे गावकऱ्यांची बैठक: गाणे, नाच, विनोद, जेवण आणि त्यातच गावातल्या भांडणांचा निवाडा, उनाड पोरांना कानपिचक्या. 1990 च्या दशकात गुल्जा शहरातल्या तरुणांनी दारू आणि अमली पदार्थांच्या विरोधात मेश्रेप नव्याने सुरू केले. 1995 मध्ये प्रशासनाने त्यावर बंदी आणली. फेब्रुवारी 1997 मध्ये गुल्जात निदर्शने झाली आणि ती बळाने चिरडली गेली. 2010 मध्ये त्याच मेश्रेपची नोंद चीनने युनेस्कोच्या तातडीच्या संरक्षणाच्या यादीत करवून घेतली. 2017 पासून शिंच्यांगमध्ये लाखो उइगुरांना छावण्यांत डांबले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2022 च्या अहवालात, हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात, असे म्हटले. गावोगावच्या दर्ग्यांच्या यात्रा बंद झाल्या, अनेक दर्गे पाडले गेले. रंगमंचावर मात्र भरजरी पोशाखातला मेश्रेप पर्यटकांसाठी चालू आहे.

राहिले दावूत या शिंच्यांग विद्यापीठातल्या लोकसाहित्याच्या प्राध्यापिका. उइगुरांचे दर्गे, यात्रा, कथा, गाणी यांची नोंद करण्यात त्यांनी आयुष्य घातले. त्यांच्या कामाला चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने पैसा दिला होता. डिसेंबर 2017 मध्ये त्या बीजिंगला जायला निघाल्या आणि नाहीशा झाल्या. सप्टेंबर 2023 मध्ये बाहेर आले, की राज्याची सुरक्षा धोक्यात आणल्याच्या आरोपावरून त्यांना जन्मठेप झाली आहे. वारशाची नोंद करणारी बाई तुरुंगात आणि वारसा यादीत, अशी ही वाटणी.

यावर बीजिंगचे समर्थक दोन गोष्टी सांगतात. एक, सरकारने पैसा आणि यंत्रणा लावली नसती तर शेकडो कला कधीच संपल्या असत्या. हे खरे आहे आणि वर ते मान्यही केले आहे. दोन, प्रत्येक राष्ट्र वारशाचा वापर स्वतःची प्रतिमा घडवायला करते. मग चीनलाच का धरायचे? हेही अर्धे खरे. कोरिया करतो, भारत करतो, तुर्कस्तान करतो. पण मानवजातीच्या नावाने होणाऱ्या यादीत सर्वाधिक नोंदी ज्याच्या, त्याला सर्वांत कठोर प्रश्न विचारले जाणे रास्तच. शिवाय कसोटी चीनबाहेरून आणलेली नाही. 2003 च्या करारातच वारशाची व्याख्या, संबंधित समुदाय ज्याला आपला वारसा मानतो तो, अशी आहे. वारसा जपताना त्या समुदायाला, गटांना, व्यक्तींना शक्य तितके सहभागी करून घ्यावे, हेही त्यात लिहिले आहे. चीनने त्यावर स्वेच्छेने सही केली आहे.

त्या सहीचा अर्थ तपासायला युनेस्कोकडे साधन आहे. तातडीच्या यादीतल्या प्रत्येक नोंदीचा अहवाल राष्ट्राने दर चार वर्षांनी द्यायचा असतो. 2024 मध्ये ज्या तीन परंपरा संकटातून बाहेर पडल्याचे मान्य झाले, त्यांच्या कागदपत्रांत किती सुतारांनी शिष्य घेतले, किती शाळांत विणकाम सुरू झाले, असे तपशील होते. मेश्रेप त्या तिघांत नव्हता. त्याच्या पुढच्या अहवालात किती प्रयोग झाले आणि किती पर्यटक आले, हे आकडे येतीलच. समितीने त्याखेरीज तीन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षी किती मेश्रेप गावकऱ्यांनी स्वतः बोलावले, त्यांतल्या किती बैठकांना आधी परवानगी लागली आणि या परंपरेचा अभ्यास करणारी राहिले दावूत सध्या कुठे आहे.